बोटीची ओटी

इथे गेलं वर्षभर मी नुसती वाचतेय. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, विहिरीतले आवाज, हॉस्टेलमध्ये आपोआप फिरणारा पंखा... वाचते, हसते आणि नवऱ्यालाही वाचून दाखवते. त्या पंख्याच्या गोष्टीखाली "आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा" अशी कॉमेंट टाकून शिव्या खाल्लेली बाई ती मीच. तेव्हा आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरच्याने सांगितलेलं खरं न मानण्याचा मला पगार मिळतो. गडबड पुन्हा करून दाखवता आली तर तो बग, नाही तर तुम्हाला भास झाला, चला पुढे, असा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे.

माझ्या गोष्टीत भूत नाही, किंकाळी नाही, कोणी घाबरलंसुद्धा नाही. घाबरायचं असेल त्यांनी पंख्यावालीकडे जावं. पण पाच वर्षं झाली, मला ही गोष्ट डोक्यातून बंद करता येत नाहीये.

साल २००३, एप्रिल महिना. आम्ही तेव्हा व्हर्जिनियात हर्नडनला राहत होतो. अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंग, आणि पार्किंगपलीकडे ऑफिसांच्या काचेच्या इमारती. निखिलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी त्या हिवाळ्यात गेली होती. घर माझ्या एच-वन व्हिसावरच्या नोकरीवर चाललं होतं. तो माझा डिपेंडंट झाला होता आणि दिवसभर घरात बसून माझ्या आमटीत चुका काढत होता. त्यात माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. मी त्यांनाही आईच म्हणते. तिकीट आधीच काढलेलं होतं, कॅन्सल कुठे करणार?

आणि त्यातच बाबांचं निघालं.

माझे आईबाबा देवगड तालुक्यात एका खेड्यात राहतात. बाबा शाळामास्तर होते, रिटायर झाल्यावर थोडी भातशेती बघायचे. मी एकुलती एक. त्यांचं बायपास कोल्हापूरला मे महिन्यात करायचं ठरलं, आणि डायबेटिस जुना असल्यामुळे डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. मी चार वर्षांत घरी गेले नव्हते. गेले असते तर परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग करावं लागणार होतं, आणि त्या दिवसांत त्याला किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. अडकले तर माझी नोकरी जाणार, नोकरी गेली की दोघांनी गाशा गुंडाळायचा. वकील म्हणाला, जाऊ नका. मैत्रिणी म्हणाल्या, थांब यार, ग्रीन कार्डचं बघ. खुद्द बाबा फोनवर म्हणाले, "येव नको. माका काय जाता?" मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ऑफिसला गेले. दिवसभर एकही बग सापडला नाही. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलं नाही.

सासूबाई या सगळ्यावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि त्यांच्या बाबतीत ते विशेष होतं. कारण माझ्या माहेरच्या प्रत्येक गोष्टीवर त्यांना काहीतरी म्हणायचं असे. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरून लाल तांदूळ आणला, तेव्हा याला कोणी रंग लावलाय म्हणून त्यांनी तो चार पाण्यांनी धुतला होता. नंतर एक घास खाऊन म्हणाल्या, "औषधी असेल." त्यांच्या घरात आंबेमोहोर सोडून बाकी सगळं धान्य औषधीच.

त्या रविवारी निखिल म्हणाला, घरात तीन तोंडं तीन दिशांना बसण्यापेक्षा कुठेतरी जाऊ. म्हणून आम्ही ड्राइव्ह करत चेसापीकच्या खाडीवरच्या एका छोट्या गावात गेलो. गावाचं नाव देत नाही, कारण तिथल्या माणसांना उगाच त्रास नको. धक्का, चार होड्या, खेकड्यांच्या वासाचं एक हॉटेल, आणि एका जुन्या गोदामात केलेलं चिमुकलं म्युझियम. तिकीट नाही. दारात एक ऐंशीच्या घरातला म्हातारा, त्याचं नाव वॉल्ट. तो तिथे फुकट काम करायचा आणि आलेल्या माणसाला सहजासहजी सोडायचा नाही.

मागच्या हॉलमध्ये ती होती. अख्खं जहाज नव्हतं, पुढच्या टोकापासून एका बाजूचा तुकडा, पण आमच्या लिव्हिंग रूमच्या दुप्पट लांब. काळपट लाकूड. फळ्यांमध्ये ओळीने चौकोनी खिडक्या, आणि प्रत्येक खिडकी दुसऱ्याच कुठल्या तरी पांढुरक्या लाकडाने ठोकून बंद केलेली.

वॉल्टने हिची सगळी जन्मकथा सांगितली, आणि मी ती आईंना मराठीत सांगत गेले. लाकूड सागवान, तुमच्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. लढाऊ जहाज होतं, तिकडच्या राजाच्या आरमारातलं. त्याने "मराठा" हा शब्द उच्चारला तेव्हा निखिल एकदम ताठ उभा राहिला, जणू आरमार त्याच्या काकांनीच बांधलं होतं. पुढे इंग्रजांनी ती लढाईत पकडली आणि काही वर्षं स्वतःच्या आरमारात वापरली. मग ती जुनी झाली म्हणून एका व्यापाऱ्याला विकली. त्याने तोफा उतरवल्या, तोफांच्या खिडक्या ठोकून बंद केल्या आणि आत पोती भरली. कापूस, मिरी, साखर, जे भाडं मिळेल ते. मग ती आणखी एकाने घेतली, आणि शेवटी एका अमेरिकन कॅप्टनने. ती या खाडीत आली आणि म्हातारी होईपर्यंत गहू आणि लाकडं वाहत राहिली. अगदीच थकल्यावर लोकांनी तिच्यात दगड भरून तिला बुडवलं आणि वर धक्का बांधला. होड्या लावायच्या मरीनासाठी खणताना सापडली.

आई ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे शिपायाच्या घरची मुलगी वाण्याच्या दुकानात बसवली."

"आई, अगं जहाज आहे ते," निखिल म्हणाला.

"तो म्हातारा मघापासून शी, शी म्हणतोय ना? मग? हिचं नाव काय, ते विचार."

मी विचारलं. वॉल्ट म्हणाला, नावं तीन आहेत. इंग्रजांनी एक दिलं, व्यापाऱ्याने स्वतःच्या बायकोचं दिलं, इथल्या कॅप्टनने तिसरं. पहिलं, बांधणाऱ्यांनी ठेवलेलं नाव कोणालाच माहीत नाही.

आई मला म्हणाल्या, "माहेरची मी दुर्गा. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने शैलजा लिहिलं आणि संपलं. दुर्गा म्हणून हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही." हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळत होतं. निखिलला तर तेव्हाच पहिल्यांदा कळलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"त्याला विचार, ही परत कधी माहेरी गेली का?"

मी शक्य तितक्या सभ्य इंग्रजीत विचारलं, की जिथे बांधली त्या किनाऱ्यावर ही परत कधी गेली होती का. वॉल्टने मान हलवली. "नो मॅम," तो म्हणाला. "आमच्या माहितीप्रमाणे तरी नाही."

परतीच्या वाटेवर आई मागच्या सीटवर बसल्या होत्या. हर्नडनचा एक्झिट आल्यावर म्हणाल्या, "पुढच्या रविवारी परत यायचं. तिची ओटी भरायची."

निखिलने गाडी जवळजवळ शेजारच्या लेनमध्ये घातली.

आठवडाभर घरात वाद चालला. ते म्युझियम आहे, देऊळ नाही, पोलीस बोलावतील, असं निखिल म्हणत होता. मी माझ्या परीने म्हटलं, की आई, लाकडाची ओटी भरत नाहीत. त्या म्हणाल्या, गाईची भरतात, नदीची भरतात, नव्या होडीला नारळ देतात, मग हिनेच काय घोडं मारलंय? शेवटी मी वॉल्टला फोन केला. मला वाटलं, तो नाही म्हणेल आणि विषय मिटेल. कसलं काय... म्हातारा खूश झाला. फक्त लाकडाला ओलं काही लागू द्यायचं नाही, दिवा लावायचा नाही आणि खायची वस्तू मागे ठेवून जायची नाही.

मग रविवारी सकाळी आम्ही निघालो. स्टीलचं ताट, देसी दुकानातला बासमती, नारळ, सुपारी, हळकुंड, आणि माझ्या आईने मागे पाठवलेला हिरवा खण. बोटीपुढे गेल्यावर आईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. "तू भर," म्हणाल्या. "मी नाही भरायची."

माझे सासरे जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून या बाईने कोणाची ओटी भरली नव्हती. हळदीकुंकवाला घरात बायका आल्या की त्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. मला याचा नेहमीच राग यायचा, पण कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र माझं डोकं सटकलं. आठवडाभर बाबांची काळजी, ऑफिस, ही तीन तासांची ड्राइव्ह, आणि वर हे.

"कल्पना तुमची, नाव तुम्ही विचारलंत, माहेर तुम्ही विचारलंत," मी म्हटलं. "आता तुम्ही भरणार नसाल तर मीही नाही भरत. चला घरी."

आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बोटीकडे. मग पुढे येऊन ताटाची एक कड धरली. दुसरी माझ्या हातात. तशा आम्ही दोघींनी मिळून भरली. वॉल्टने एक स्टूल आणून दिलं होतं, त्यावर खण पसरला, ओंजळीओंजळीने तांदूळ घातला, वर नारळ ठेवला. कुंकू लाकडाला लावायचं नव्हतं, म्हणून आईंनी बोटीपुढे लोकांना अडवायची दोरी बांधलेल्या पितळी खांबाला लावलं. वॉल्टने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मग आई हळूच म्हणाल्या, "पुन्हा ये गं," माहेराहून निघालेल्या मुलीला म्हणतात तसं.

आता इथून पुढचं मी टेस्टर म्हणून सांगते. ताट रिकामं झालं होतं. दाणे म्युझियममध्ये सांडू नयेत म्हणून मी ते खणावर उपडं करून झटकलं आणि बाकावर ठेवलं. वॉल्ट आम्हा तिघांना शेजारच्या खोलीत दीपगृहाची मोठी भिंगं दाखवायला घेऊन गेला. तो आमच्याबरोबरच होता, मधे कुठे गेला नाही. म्युझियममध्ये दुसरं कोणी नव्हतं. हॉलला दार एकच, ते आम्ही उभे होतो त्या खोलीतून. परत येऊन मी खण बांधला, नारळ पिशवीत टाकला आणि ताट उचललं.

ताटात, कडेला, चिमूटभर लाल तांदूळ होता.

आई म्हणाल्या, "बासमती किडका निघाला वाटतं." त्यांना खरंच तसं वाटलं. पण मी ज्या अन्नावर वाढले ते मला ओळखू येत नाही होय? लाल, बुटका, पोटावर रेघ असलेला दाणा. काही दाणे तर सोललेलेसुद्धा नव्हते. तूस तसंच होतं आणि त्याला काळं कुसळ होतं. असलं भात दुकानात मिळत नाही, ते शेतातून येतं. हर्नडनच्या देसी दुकानात तर साधा लाल तांदूळही मिळत नव्हता. मी विचारून थकले होते.

निखिल म्हणाला, उंदराने आणला असेल. मी म्हटलं, कुठून, देवगडहून? वॉल्टने त्याच्या जन्मात लाल तांदूळ पाहिला नव्हता, तो चष्मा लावून ताटात बघत बसला. म्युझियमच्या कपाटात धान्य होतं का, तेही पाहिलं. गहू होता, मका होता, तंबाखू होती, तांदूळ नव्हता. घरी आल्यावर मी बासमतीची अख्खी पिशवी पेपरवर ओतून निवडली. एक लाल दाणा नाही. तांदळाचा डबा पाहिला. आईंची बॅग त्यांच्यासमोर उपसली आणि त्यांनी ती मला उपसू दिली, म्हणाल्या, "कर बाई तुझं समाधान." बॅगेत मेतकूट होतं, भाजणी होती, मला न सांगता आणलेल्या काजूकतल्या होत्या. तांदूळ नव्हता.

ही घरची झडती नंतरची. तिथे, त्या हॉलमध्ये, मी ताट धरून उभी होते, आणि हा बासमती नव्हे हे पटल्यावर आई म्हणाल्या.

"तिने परत टाकले."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे ओटी भरून घेतली की ओटीतले चार दाणे परत टाकायचे असतात, म्हणजे देणाऱ्याचं घर भरलेलं राहतं. प्रत्येक बाई करते. मीही माहेराहून निघताना सवयीने करायचे, अर्थ कधी मनात आला नव्हता.

"पण आपण दिलेला बासमती," मी म्हटलं.

"तिच्याजवळ होतं ते दिलं तिने. आपलं कुठून देईल?" मग त्यांनी माझ्याकडे अगदी सरळ पाहिलं. "आणि देणारीचं घर भरलेलं राहावं म्हणून टाकतात. माझ्या घरात लाल तांदूळ कोण खातं गं, अनघा?"

मी बोटीसमोरच्या बाकावर बसले आणि रडले. वॉल्टने टिश्यूंचा अख्खा डबा आणून शेजारी ठेवला आणि तो भिंगांकडे निघून गेला. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "तू जा बाबांकडे. ही अडकली ती अडकली, तिला कोणी विचारलं नव्हतं. तुला कोणी धरून ठेवलंय?"

गाडीत मी निखिलला म्हटलं, मी जातेय. तो म्हणाला, "जा ना. नोकरी गेली तर मी पिझ्झा पोचवीन यार." मी म्हटलं, माझा डिपेंडंट आहेस तू, तेही तुला अलाउड नाही. त्यावर तिघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

निघायच्या दिवशी आईंनी मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. एकटीने, कोणाला ताट धरायला न सांगता. मी चार दाणे परत टाकले. त्या दिवशी मात्र अर्थ मनात ठेवून टाकले.

बाबांचं ऑपरेशन झालं. मी कोल्हापूरला त्यांच्या उशाशी होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि आधी ओरडले, हळू आवाजात, पण ओरडलेच, की कशाला इलंस म्हणून. मग माझा हात धरला तो नर्सने सांगेपर्यंत सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, पहिली रात्र कठीण होती, पण माणसाने मनावर घेतलं. मी यातून काही सिद्ध करत नाहीये. डॉक्टर चांगले होते आणि औषधं चालली, एवढंच मला माहीत आहे.

घरी आल्यावर मी पर्समधली त्या दाण्यांची पुडी काढून बाबांच्या हातावर ओतली. त्यांनी चष्मा मागितला. दाणा उन्हात धरून कुसळ पाहिलं.

"ह्यां भात खंय गावलां गो तुका?"

मी सगळं सांगितलं. मास्तर माणूस, मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, लहानपणी कधीतरी असं काळ्या कुसळाचं भात पाहिल्यासारखं वाटतं, पण आता कोणी लावत नाही, आणि तेच हे असेल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. छातीवर टाके होते, म्हणून आई म्हणाली, "हात ठेवूच नको." मग ते म्हणाले, "रुजता काय बघूया."

तुसातले दाणे भिजत घालून त्यांनी ते तेलाच्या कापलेल्या डब्यात मातीत टोचले. डबा पायरीवर ठेवला. रोज सकाळी काठी टेकत जायचे आणि बघायचे, आणि माझी आई मागून ओरडायची, की वाकू नको. माझं स्टॅम्पिंग अपेक्षेप्रमाणे लांबलं. मॅनेजरने बिनपगारी रजा वाढवून दिली, निखिल रोज फोनवर "सगळं ठीक आहे" असं इतक्या वेळा सांगायचा की ठीक नाही हे कळायचं. पण त्या लांबलेल्या दिवसांमुळेच मला ते बघायला मिळालं. एका सकाळी बाबांनी मला हाक मारली, आणि डब्यात हिरवी टोकं आली होती. सगळी नाही, थोडीच. बाबा पायरीवर बसून त्यांच्याकडे असे बघत होते, जसे माझ्या दहावीच्या निकालाकडे बघत होते.

व्हिसा आला, नोकरी राहिली, मी परत आले. निघताना आईने ओटी भरली, बाबा दारात उभे राहून म्हणाले, "परत ये गो." मी त्यानंतर दर वर्षी गेले. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं एकदा मनाशी ठरलं की तिकिटं मिळतात. बाबांनी त्या डब्यातल्या लोंब्यांतून बियाणं धरलं, पुढच्या वर्षी वाफाभर केलं, मग कुणगाभर, म्हणजे एक छोटं खाचर. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी बाबा गेले. झोपेत, शांतपणे. चार वर्षं जास्तीची मिळाली, आणि ती मी वाया घालवली नाहीत.

त्यानंतर माझं माहेरी जाणं झालं नाही. आई तिथे आहे, पण दारात बाबा नसलेलं घर डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. या मार्चमध्ये आईने माझ्या ऑफिसातल्या एका मुलाबरोबर दोन मुठी लाल तांदूळ पाठवला आणि फोन केला. "त्या बोटीची ओटी भरलंस काय परत? तिचा तांदूळ तिका पोचव."

सासूबाई पुन्हा आलेल्याच होत्या. आम्ही गेलो. वॉल्ट आता काठी घेऊन चालतो. त्याने पहिली गोष्ट दाखवली ती पितळी खांब. दर आठवड्याला तो पितळ घासतो, खांब लखलखत होता, आणि मधे आईंचं कुंकू जसंच्या तसं. तेवढं सोडून बाकीचं घासतो, म्हणाला. आईंनी त्याच्या गालाला हात लावला. तो लाजला.

आईंनी आधी ताटात तांदूळ पसरला आणि तळहाताने सगळा सपाट केला, दोनदा. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "लोकांनी लिहिलेली नावं पुसली. आता तिचं असेल ते राहील." मग आम्ही दोघींनी मिळून ओटी भरली. मी ताट उपडं करून झटकलं, बाकावर ठेवलं, आणि सगळे मिळून भिंगांच्या खोलीत गेलो. सगळं पहिल्या वेळेसारखं. बग पुन्हा येतो का बघायचा तर सगळं तसंच करावं लागतं.

परत येऊन पाहिलं. ताटात, कडेला, चिमूटभर लाल तांदूळ.

आणि तेव्हा लक्षात आलं, की माझी टेस्टच चुकली. दिलेलाही लाल, आलेलाही लाल. झटकताना ताटाला चार दाणे चिकटून राहिले असतील, की तिने परत टाकले असतील, हे आता जगातला कुठलाही टेस्टर सांगू शकत नाही. निखिल म्हणाला, आधी दाण्यांवर खूण करायला हवी होती. बरोबर आहे त्याचं. मला सुचलं नाही.

पहिल्या वेळचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. इथल्या कोणाला सुचलं तर जरूर लिहा. उंदीर सोडून काहीही. ते दाणे मी मुठीत घेतले, गाडीत मागच्या सीटवर आईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि घर येईपर्यंत मूठ उघडली नाही. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटत होतं. घरी पोचल्यावर आईला फोन केला आणि सांगितलं, मे महिन्याचं तिकीट काढतेय.